सईच्या प्रकल्पाबद्दल : आधी अडचण मोजायची

सोलापूर,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

सईच्या शाळेनं दिलेल्या कागदाचा फोटो मिळाला. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करणारी व्यक्ती : एक अभ्यास', आठ ते दहा पानं, संदर्भसूचीसह, जानेवारीत जमा करायचा. नेटवरून माहिती काढून देऊ का, असं तू विचारलंयस. देऊ नकोस. ती माहिती सईला अर्ध्या तासात मिळेल आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही तीच मिळेल. जन्म, शिक्षण, हालअपेष्टा, यश, पुरस्कार आणि शेवटी 'यावरून आपल्याला जिद्दीचं महत्त्व कळतं'. अशा मजकुरात नाव खोडून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी काही बिघडत नाही, आणि तपासणाऱ्या बाईंना हे पहिल्याच पानावर कळतं.

माझं म्हणणं एवढंच की माणसाचं कौतुक मागाहून, आधी अडचण मोजायची. ती कुठली होती, कधीपासून कधीपर्यंत होती, तशाच अडचणीत त्या काळी इतरांचं काय होत असे आणि या माणसानं नेमकं काय वेगळं केलं. एवढ्या चार गोष्टी सापडल्या की प्रकल्प उभा राहतो.

तिच्या यादीतलं पहिलं नाव डॉ. आनंदीबाई जोशी. विषय उत्तम आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी, १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी मृत्यू, आणि स्वतःची पत्रं मागे राहिलेली. पण त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलंय की नववीतल्या मुलीला दुसऱ्यांच्या वाक्यांतून सुटणं जड जाईल. दुसरं नाव मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. इथे अडचण एका वाक्यात सांगता येते, ते फार सोयीचं. पण सईच्या हाती लागेल तो मजकूर बहुतेक अलीकडच्या बातम्यांचा, म्हणजे घटनेनंतर चार-पाच दशकांनी सांगितलेला.

मी तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीस सुचवेन, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले. आपल्या सोलापूरचे म्हणून नव्हे (बरं, थोडं म्हणूनही), तर त्यांच्याबाबत वेगवेगळ्या जातीची साधनं मिळतात म्हणून. त्यांचं घर भैय्या चौकात स्मारक म्हणून राखलेलं आहे. त्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बसूंचं पुस्तक आहे. जिल्हा गॅझेटिअर आहे, वर्तमानपत्रांतले लेख आहेत. शिवाय इथे 'मात' या कल्पनेलाच धक्का बसतो. माणूस बत्तिसाव्या वर्षी गेला. मग मात केली की नाही केली? यावर सईला स्वतःचं मत बनवावं लागेल, आणि बनवलेलं मत नेटवर तयार मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात तिनं फक्त तारखांची पट्टी करायची. १० ऑक्टोबर १९१०, सोलापुरात जन्म. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण. १९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाखालच्या चीनला काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांत निवड. बाकीचे अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनं प्रस्थान, १९३९ च्या सुरुवातीला चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक. १९४१ मध्येच तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा. ९ डिसेंबर १९४२, अपस्माराच्या झटक्यांनी मृत्यू. प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीचं वय स्वतः वजाबाकी करून लिहायचं. मृत्यूच्या वेळी ३२ वर्षं २ महिन्यांना एक दिवस कमी येतं. कुठल्या लेखात २८ किंवा ३५ दिसलं, तर त्या लेखातल्या बाकीच्या आकड्यांवरही तिनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करावं. ही वजाबाकी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच पकडल्या जातात.

पट्टी तयार झाली की प्रश्न ठरवायचा. 'डॉ. कोटणीस यांनी प्रतिकूल परिस्थितीवर कशी मात केली?' हा प्रश्न होत नाही, कारण त्याचं उत्तर कुठूनही सुरू करता येतं आणि कुठेही संपवता येतं. 'औषधं, उपकरणं आणि भाषा या तिन्हींची उणीव असताना कोटणीसांनी १९३९ ते १९४२ या काळात रुग्णसेवा कशी चालवली?' हा चालेल. त्याला कालमर्यादा आहे, अडचणी नावानिशी आहेत आणि उत्तर चुकीचंही ठरू शकतं. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांग. ज्या माहितीचा त्या प्रश्नाशी संबंध लागत नाही ती कितीही रंजक असली तरी बाहेर. त्यांच्या बालपणाला मी अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा देणार नाही.

आता अडचण मोजणं म्हणजे काय ते सांगतो, कारण मुलं इथेच विशेषणांवर भागवतात. 'अत्यंत बिकट परिस्थिती' असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याऐवजी हे बघ. ज्या रुग्णालयाला नॉर्मन बेथ्यून यांचं नाव दिलं ते कॅनडाचे शल्यविशारद. उत्तर चीनच्या त्याच डोंगराळ भागात शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखमेत संसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. पेनिसिलिन तेव्हा कुठल्याच दवाखान्यात पोचलेलं नव्हतं. म्हणजे तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या जिवाला एका ओरखड्यानं धोका होता. हा प्रसंग सईनं तीन-चार ओळींत मांडला की 'बिकट' हा शब्द लिहायची गरजच उरत नाही. त्याला जोडून भूगोल. तो डोंगराळ प्रदेश जपानी फौजांच्या मागच्या बाजूला, म्हणजे चहूबाजूंनी कोंडलेला. तिथे औषध बाहेरून येणार कसं? नकाशा तिनं हातानं काढावा, छापील चिकटवू नये. मुंबई, कोलंबो, हाँगकाँग, येनान, पुढे उत्तर चीनचा डोंगराळ भाग, एवढीच ठिकाणं पुरेत.

अपस्माराचंही तसंच. १९१२ पासून फिनोबार्बिटॉल वापरात होतं आणि फेनिटॉइनचा उपयोग अमेरिकेत १९३८ मध्ये सिद्ध झाला, नेमकं पथक निघालं त्या वर्षी. रोगावर औषध जगात होतं. ते त्या डोंगरात पोचण्याची शक्यता किती, हा प्रश्न विश्लेषणात घालण्याजोगा आहे. उत्तर 'बहुधा नव्हती' असं आलं तरी चालेल, फक्त कारणं द्यायची. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना या दोन औषधांबद्दल दहा मिनिटं विचारायला सांग. ती दहा मिनिटं 'कार्यपद्धती' या शीर्षकाखाली मुलाखत म्हणून मांडता येतात.

आणखी एक अडचण मुलं विसरतात ती घरची. कोटणीस चीनमध्ये असतानाच सोलापुरात वडील वारले, आणि ते परतले नाहीत. यावर भावुक परिच्छेद लिहायचा मोह होईल. त्याऐवजी सईनं विचारावं की तेव्हा परत यायचंच म्हटलं असतं तर मार्ग कोणता होता, किती महिने लागले असते. जाताना लागलेले महिने तिच्या पट्टीवर आहेतच.

टिपणांसाठी वही नको, पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद घ्या, पन्नासेक पुरतील. एका कागदावर एकच गोष्ट. वर कोपऱ्यात साधनाचं नाव, वर्ष, पान क्रमांक. खाली टिपण स्वतःच्या शब्दांत. जसंच्या तसं उतरवलं असेल तर अवतरणचिन्हात. ही चिन्हं टिपण घेतानाच पडली पाहिजेत. महिन्याभरानं आपलं वाक्य कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं हे कुणालाच आठवत नाही, आणि नक्कल केल्याचा आरोप बहुतेक वेळा इथूनच येतो, लबाडीतून नव्हे. पान क्रमांक राहिला तर संदर्भसूचीच्या रात्री पुस्तक परत शोधत बसावं लागतं, आणि तोवर ते वाचनालयात परत गेलेलं असतं.

साधनांची प्रतवारीही शिकवायला हवी. त्या वेळी तिथे असलेल्या माणसानं लिहिलेलं एका बाजूला, मागाहून ऐकून लिहिलेलं दुसऱ्या बाजूला. स्मारकातले फलक दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटतं. कोटणीसांवर चित्रपट निघालाय, तो बघायला हरकत नाही, पण त्यातला संवाद त्यांच्या तोंडचं वाक्य म्हणून प्रकल्पात आला तर गुण गेलेच म्हणून समज. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या हेही बऱ्याच लेखांत येतं. लेख दहा असले तरी ते एकमेकांवरून उतरवलेले असतील तर साक्षीदार एकच धरायचा. त्यामुळे अशा ठिकाणी 'असे अनेक लेखांत नमूद आहे' असं लिहून ज्या लेखातून घेतलं त्याचा संदर्भ द्यावा. तेवढ्यानं बाईंना कळतं की मुलीनं डोळे उघडे ठेवून वाचलंय.

शोधतानाची एक सोय : जुन्या इंग्रजी कागदांत आपलं गाव 'शोलापूर' असं येतं आणि चिनी लिखाणात डॉक्टरांचं नाव 'के दिहुआ'. ही रूपं टाकली नाहीत तर निम्मा मजकूर दिसतच नाही. मराठी विश्वकोशापासून सुरुवात करावी, कारण तिथे नोंदीखाली संदर्भ असतात आणि त्यावरून पुढची पुस्तकं कळतात. इथे हिराचंद नेमचंद वाचनालयात जुनं बरंच काही आहे. नाताळच्या सुट्टीत तिला घेऊन ये. सकाळची एसटी धरलीत तर वाचनालय आणि स्मारक दोन्ही एका दिवसात होईल. स्मारक कधी उघडं असतं ते मी आधी विचारून ठेवतो.

वहिनींनी फोनवर शेजारच्या विडी कामगार आजींचा विषय काढला होता. नाही म्हणायचं कारण नाही, उलट तो जास्त अस्सल होईल, पण कष्टाचा आहे. आजींची आणि घरच्यांची परवानगी आधी, प्रकल्पात नाव बदलून. 'तुम्ही किती त्रास सोसला?' असं विचारलं तर आजी 'नशीब बाळा' म्हणतील आणि गप्प होतील. त्याऐवजी, पानं कुठून आणायचा, भिजवून कापायला किती वेळ जायचा, हजार विड्यांना किती मिळायचे, त्यातल्या किती छाटात (नापास म्हणून बाजूला) जायच्या, छाट कोण ठरवायचं, सूत कुणाच्या पैशाचं, असे हाताच्या कामाचे प्रश्न विचारायचे. दुःख त्यातूनच येतं, तेही आकड्यांसकट. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर पंखा बंद करून, मोबाइल जवळ ठेवून. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला तीन-चार तास लागतात, हे धरूनच ठरवा. वर्षं आठवत नसतील तर थोरल्या मुलाचा जन्म, बहात्तरचा दुष्काळ अशा खुणांवरून लावून घ्यायची. आजींनी सांगितलेली मजुरी दुसऱ्या एखाद्या कामगार बाईला विचारून पडताळायची.

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही. दहा पानांत प्रस्तावना एक पान, कार्यपद्धती अर्धं, अडचणींचं वर्णन तीन, त्यांनी काय केलं ते अडीच, विश्लेषण दोन, निष्कर्ष अर्धं, उरलेलं अर्धं संदर्भसूचीला. मुलं नेमकं उलटं करतात : प्रस्तावना तीन पानं आणि विश्लेषण चार ओळी. फोटो दोनच, खाली ओळ लिहून. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहायची, कारण आपण काय लिहिलंय हे तोवर कळलेलं असतं. निष्कर्षात नवीन माहिती नको आणि उपदेशही नको. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं द्यायचं. 'जिद्द', 'चिकाटी', 'अथक' हे शब्द कच्च्या मसुद्यात असू देत. पक्का करताना प्रत्येकाखाली रेघ मारून तिथे एखादी घटना किंवा आकडा बसतो का ते बघायचं. बसला नाही तर वाक्यच काढायचं.

कच्चा मसुदा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला पाठव. मी भाषा सुधारणार नाही, फक्त 'हे कशावरून?' असं समासात लिहीन. तोंडी परीक्षेत बाई तेवढंच विचारतात, आणि सईकडे त्या वेळी तिचे ते जाड कागद असले पाहिजेत, म्हणून प्रकल्प जमा झाल्यावर ते रद्दीत देऊ नका.

येताना भगवंत मंदिराजवळच्या त्या दुकानातला चिवडा आण. वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
अरविंद