वारस दाखला म्हणजे नेमका कोणता कागद, हे लेखी सांगावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान २०२३ च्या पावसाळ्यात अचानक गेले. मृत्युपत्र केलेले नव्हते आणि एका सहकारी बँकेतील सव्वाचार लाख रुपयांच्या मुदत ठेवीवर नामनिर्देशनही नव्हते. दिवसकार्य आटोपल्यावर बँकेत चौकशी केली, तेव्हा ‘वारस दाखला आणा’ एवढेच उत्तर मिळाले. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षे कागद सांभाळूनही, या नावाने आपल्याकडे किमान तीन वेगवेगळे कागद ओळखले जातात हे मला ठाऊक नव्हते, आणि खिडकीपलीकडच्या लिपिकालाही ते ठाऊक असल्याचे दिसले नाही.

शेतजमीन असल्यामुळे पहिली फेरी अर्थातच तलाठी कार्यालयात झाली (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे, पण तोंडात तलाठीच बसले आहे). मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र दिल्यावर गाव नमुना ६ क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, नावे चढली. मग फेरफार धरला गेला, हरकतीची नोटीस निघाली आणि मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला. हे काम रीतसर झाले, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेमुळे मयत खातेदारांच्या नोंदींची अशी कामे पुष्कळ ठिकाणी मार्गी लागली, हेही खरे.

मात्र या नोंदीच्या वेळी एक चूक होता होता राहिली, आणि ती अनेक घरांत होत असावी म्हणून ती येथे सांगतो. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी अशी नावे होती. बहिणीच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंचे नाव कोणी घातलेच नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची आई ही पत्नी आणि मुलांबरोबरीने पहिल्या वर्गातील वारस असते, आणि वडील मात्र दुसऱ्या वर्गात जातात. ‘आईला आता या वयात काय करायचंय’ असे गावातील एक वडीलधारे गृहस्थ सहज बोलून गेले. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण असे गाळलेले नाव पुढे दिवाणी दाव्याचे कारण ठरू शकते.

सहा-क ची नक्कल घेऊन बँकेत गेलो तर ती परत मिळाली. ‘हा जमिनीपुरता कागद आहे, कोर्टाचा दाखला लागेल’, असे सांगण्यात आले. महसुली नोंद ही महसुलाच्या कामासाठी असते आणि तिने मालकी हक्क अंतिमतः ठरत नाही, त्यामुळे बँकेचे म्हणणे चुकीचे नव्हते. तक्रार एवढीच की ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगता आली असती.

मग दिवाणी न्यायालयात अर्ज केला, तो मुंबई विनियम ८, १८२७ खालचा. पेशवाई बुडून नऊ वर्षे होतात न होतात तोच केलेला हा कायदा आजही आपल्या जिल्हा न्यायालयांत रोज वापरला जातो, याचे मला कौतुकमिश्रित आश्चर्य वाटले. अर्ज दाखल झाल्यावर हरकती मागवणारी जाहीर नोटीस निघते (आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानावर वाचक अशा नोटिसा नेहमी पाहतात, क्वचितच वाचतात), महिनाभर वाट पाहिली जाते आणि कोणी हरकत घेतली नाही तर पुराव्यानंतर वारस दाखला मिळतो. आमच्या बाबतीत तारखा धरून आठ महिने लागले. तो दाखला बँकेच्या विधी विभागाकडे गेला आणि तेथून उत्तर आले की दाखल्यात ठेवीचा उल्लेख नसल्याने तो ग्राह्य धरता येत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे.

येथेच खरी गोम आहे. मयत व्यक्तीचे येणे वसूल करण्यासाठी न्यायालयास कोणते कागद चालतात, हे याच १९२५ च्या अधिनियमाच्या कलम २१४ मध्ये दिले आहे. त्यात उत्तराधिकार प्रमाणपत्राबरोबर १८२७ च्या विनियमाखालील दाखलाही आहे, फक्त त्यात त्या येण्याचा स्पष्ट निर्देश हवा. म्हणजे अर्जासोबतच्या यादीत ठेवीची पावती, तिचा क्रमांक आणि रक्कम एवढे लिहिले असते, तर वकिलांचे शुल्क, कोर्ट फी आणि आठ महिने पुन्हा खर्च करण्याचा प्रसंग कदाचित आला नसता. आमच्या वकिलांनी घर आणि जमीन डोळ्यांसमोर ठेवून अर्ज लिहिला, कारण बँकेला नेमके काय हवे आहे हे लिहिलेला एकही कागद आमच्या हातात नव्हता.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले, त्यांच्या अंमलबजावणीसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत बँकांना दिली होती. नामनिर्देशन नसले तरी, वाद नसल्यास, सहकारी बँकांत पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंतच्या रकमेसाठी न्यायालयाच्या प्रमाणपत्राचा आग्रह न धरता दावेदारांचे हमीपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र अशा कागदांवर दावा निकाली काढायचा आहे, आणि सर्व कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत. आमच्या शाखेत या निर्देशांचा फलक अजून लागलेला नाही.

नामनिर्देशन असते तर हे सारे टळले असते, असे अनेकांनी आम्हाला सांगितले. पैसे लवकर हातात पडले असते, इतपत ते बरोबर आहे. पण नामनिर्देशित व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही. समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. वारस कोण, हा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहतोच.

तामिळनाडूत तहसीलदार वारस दाखला देतात. शेजारच्या गोव्यात विशेष नोटरीसमोर वारसाहक्काचा दस्त करता येतो. आपल्याकडे तशी सोय करायची की नाही, हे शासनाने ठरवावे. तोपर्यंत माझी मागणी साधी आहे. वारस दाखला मागणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि कार्यालयाने कोणत्या कायद्याखालील, कोणत्या प्राधिकाऱ्याचा, आणि कोणत्या मालमत्तेचा किंवा रकमेचा उल्लेख असलेला कागद हवा आहे, हे सही-शिक्क्यानिशी पहिल्याच भेटीत लिहून द्यावे. त्याला अर्धे पान पुरेल.

बहिणीने रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांचा हवाला देऊन पुन्हा अर्ज केला आहे, सासूबाईंच्या अंगठ्यासह. पोच मागितली तेव्हा लिपिकाने विचारले, ‘वारस दाखला जोडलाय ना?’

आपला विश्वासू,
एक निवृत्त शालेय कर्मचारी,
जि. सातारा