सूचना : स्विस नेमबाजी टॅलर व पदके बैठकीस आणण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील मासिक बैठकीत स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय नेमबाजी उत्सवांनिमित्त काढलेले चांदीचे टॅलर (म्हणजे मोठी नाणी) व पदके एकत्र पाहिली जाणार असून, ज्यांच्या संग्रहात अशा वस्तू आहेत त्यांनी त्या अवश्य आणाव्यात.

नोंद करताना नाणे व पदक यांची गल्लत होऊ देऊ नये. १८५५ ते १८८५ या काळातील टॅलरवर पाच फ्रँक हे मूल्य असते, पदकावर ते नसते. सोलोथर्न या स्विस शहरातील उत्सवाच्या १८५५च्या टॅलरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्याच्या दोन्ही बाजू त्या काळच्या चलनी पाच फ्रँकसारख्याच असून उत्सवाचा उल्लेख केवळ कडेवर आहे. म्हणून नोंदीसोबत कडेचे स्पष्ट छायाचित्र हवेच.

चांदी कोणत्याही पावडरीने वा पॉलिशने घासू नये, ही विनंती पुन्हा आग्रहाने करीत आहोत, कारण शतकाहून अधिक काळात चढलेली झाक एकदा गेली की परत येत नाही. पीव्हीसीची मऊ पाकिटेही टाळावीत. त्यांच्यामुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो.

वर्ष, गाव, वजन व व्यास यांची नोंद बैठकीपूर्वी चिटणिसांकडे द्यावी.