व्हिसाच नसतो, तो आणायचा कुठून?

माननीय संपादक,
स. न.

आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. गेली एकोणीस वर्षं ते आमच्याकडे आहेत. ते राहत होते ती चाळ पुनर्विकासात गेली, म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी जवळच एक खोली पाहिली. घरमालक तयार होता, डिपॉझिट ठरलं, भाडेकरार टाइप झाला. सही करायच्या दिवशी एजंट म्हणाला, "नेपाळचे आहात ना, मग व्हिसाची झेरॉक्स द्या." त्यांनी नाही म्हटल्यावर व्यवहार तिथंच मोडला. रात्री ड्युटीवर आले तेव्हा मला म्हणाले, "काकू, व्हिसा कुठं मिळतो तेवढं सांगा, मी जाऊन आणतो." मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे त्यांना वाटलं मला ठाऊक असेल.

तो मिळतच नाही, कारण तो लागत नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूला शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार-व्यवसाय करणं आणि फिरणं यांत तिथल्या नागरिकासारखीच सवलत द्यायची, असं दोन्ही सरकारांनी परस्परांना कबूल केलं आहे. त्यात दिवसांची मर्यादा घातलेली नाही. एखाद्या दुसऱ्या देशात आपण व्हिसा न काढता जातो तेव्हा अमुक दिवसांत परत फिरा असा शिक्का पासपोर्टवर बसतो. नेपाळी माणसाच्या बाबतीत तसा शिक्काच नाही. तो सहा महिने राहिला काय आणि वीस वर्षं राहिला काय, 'मुदत संपली' असं त्याला कोणी म्हणू शकत नाही. तो चीन, हाँगकाँग, मकाव किंवा पाकिस्तानातून भारतात येत असेल तर मात्र ही सूट नाही.

ही सवलत दोन्ही बाजूंची आहे, हे आपण विसरतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मुक्तिनाथ आणि पशुपतिनाथाला गेलो. सोनौलीला सीमेवरच्या कमानीखालून आमची बस पलीकडे गेली तेव्हा माझ्या पर्समध्ये फक्त मतदार ओळखपत्र होतं. "परत कधी जाणार?" असं मला तिथं एकानंही विचारलं नाही.

गेल्या वर्षी परदेशी नागरिकांचा कायदा बदलल्यापासून गोंधळ वाढला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे जुने कायदे गेले. आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये एका सदस्यांनी मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला आणि वॉचमनला लगेच काढा, नाहीतर सोसायटीवर केस होईल, असा आग्रह धरला. त्यांची भीती खोटी नव्हती, माहिती अपुरी होती. नव्या कायद्याबरोबर केंद्र सरकारने सूट देणारा आदेशही काढला आहे आणि त्यात नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांची जुनी सवलत कायम ठेवली आहे. जमिनीवरून किंवा विमानाने त्यांच्या सीमेवरून येणाऱ्याला पासपोर्टही लागत नाही आणि व्हिसाही लागत नाही. हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा कुठे तो विषय मिटला.

ओळख पटवायला मात्र कागद हवा, आणि तो वॉचमनकडे आहे. त्यांचं नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र मी हातात घेऊन पाहिलं. जाड कागद, घड्यांवर विरलेला, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. त्यावर फोटो आणि दोन्ही अंगठ्यांचे ठसे आहेत. सगळा मजकूर आपल्याच देवनागरीत आहे, कोणताही मराठी माणूस तो वाचू शकतो. तरीही खातं उघडायला ते एका बँकेच्या शाखेत गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी कागद परत केला. जन्मसाल २०३८ लिहिलंय, म्हणजे कागद बनावट, असं त्यांचं म्हणणं. नेपाळात विक्रम संवत चालतं, तिथलं २०३८ म्हणजे आपलं १९८१-८२, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसणार. पण मागे रांग लागलेली असताना चार माणसांसमोर 'बनावट' हा शब्द ऐकून हा माणूस मान खाली घालून बाहेर पडला. ते सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो.

मला खरी काळजी पुढची आहे. जो कागद अस्तित्वातच नाही तो प्रत्येक खिडकीवर मागितला, की शेवटी कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, "पाच हजार दे, इथलं रेशन कार्ड करून देतो, मतदार कार्डही करून देतो." कायद्याने राहणारा माणूस त्या दिवशी गुन्हेगार होतो. आमच्या वॉचमनना असं दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. सगळेच नाही म्हणतील असं कसं समजायचं?

सरळ मार्ग आहे. बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी नागरिकाला आधार कार्ड मिळू शकतं. पासपोर्ट नसेल तर नागरिकता प्रमाणपत्र आणि नेपाळच्या भारतातल्या वकिलातीने दिलेलं फोटोचं ओळख प्रमाणपत्र लागतं. वकिलात दिल्लीत. बारा तासांची ड्युटी करणाऱ्याला तिथं जायचं म्हणजे रजा, तिकीट आणि बदली माणूस आला. तेवढं तरी आपण, त्यांना कामावर ठेवणाऱ्यांनी, करून द्यायला हवं. आमच्या सोसायटीने त्यांना चार दिवसांची भरपगारी रजा आणि तिकीट मंजूर केलं आहे.

पोलीस व्हेरिफिकेशनला माझा अजिबात विरोध नाही. आम्ही ते केलं आहे, सगळ्यांनी करावं. पण व्हेरिफिकेशन म्हणजे माणूस कोण आहे ते तपासणं. त्याला राहायची परवानगी आहे की नाही, ते १९५० साली ठरलेलं आहे. माझ्या भाचीने यूपीएससीचा फॉर्म भरला तेव्हा मला कळलं, की आयएएस, आयपीएस आणि परराष्ट्र सेवा सोडून बाकीच्या काही केंद्रीय सेवांसाठी नेपाळच्या नागरिकालाही परीक्षा देता येते आणि पात्रता प्रमाणपत्र घेतल्यावर नेमणूकही मिळू शकते. मग चाळीतली खोली भाड्याने देताना एवढी अडवणूक कशासाठी?

दार्जिलिंग, सिक्कीम आणि डेहराडूनच्या गोरखा मंडळींनाही 'नेपाळी' समजून असंच अडवलं जातं. ते तर भारताचेच नागरिक आहेत, त्यांचा राग मी समजू शकते.

पोलीस आयुक्तालय, बँका आणि गृहनिर्माण संस्थांचं निबंधक कार्यालय यांना माझी विनंती आहे. नेपाळी नागरिकाकडून कोणते कागद घ्यायचे आणि कोणते मागायचे नाहीत, हे मराठीत एका पानावर छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात, शाखेत आणि सोसायटीच्या फलकावर लावावं. विक्रम संवताचा हिशेबही त्यातच एका ओळीत द्यावा.

वॉचमन, त्यांची पत्नी आणि मुलगी सध्या आमच्या मीटर रूमशेजारच्या खोलीत राहतात. मुलगी मराठी शाळेत दहावीला आहे. रात्री दिव्यासाठी ती जिन्यात बसून अभ्यास करते. परीक्षेच्या आत त्यांना खोली मिळावी, म्हणून मी आता दुसऱ्या घरमालकाकडे १९५०च्या कराराची प्रत घेऊन स्वतः जाणार आहे.

आपली,
एक गृहनिर्माण संस्था सचिव,
मुलुंड (पूर्व), मुंबई