११९ चा कोटा आणि २१८ लांडगे

संपादक साहेब, नमस्कार.

बिबट्यावरून जे काही चाललंय ते आपण सगळेच वाचतोय, त्याला शेड्यूल एकमधून (कायद्यातली सगळ्यात कडक संरक्षणाची यादी) काढा, मारायची परवानगी द्या वगैरे. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्यापुढं आपण काय बोलणार, त्यावर मी लिहीत नाही. पण मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकानं टाकलं की आता लांडग्याचा पण नंबर लावा, अमेरिकेत बघा, सरकारच लायसन देतं, कोटा ठरवतं, लोक जातात, मारतात, सगळं कसं सिस्टीममध्ये. खाली पंचवीस-तीस अंगठे. आता मी इंदापूर तालुक्यातला, एसटीत कंडक्टर होतो, घरची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्यांची, सध्या भाऊ आणि पुतण्या बघतात. आणि अमेरिकेतल्या एका राज्यात ही सिस्टीम कशी चालली ते मला जरा जवळून ऐकायला मिळालंय, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा.

पोरगी आणि जावई विस्कॉन्सिन राज्यात वॉसॉ म्हणून गाव आहे तिथं असतात. २०२३ च्या दिवाळीनंतर तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं गेलो. थोड्या दिवसांनी बघतो तर पेट्रोल पंपावर निम्मी माणसं भडक केशरी जाकिटं घालून, मला वाटलं रस्त्याचं काम निघालंय. जावई म्हणाला, हरणाचा सीझन सुरू झालाय, चुकून माणसाला गोळी लागू नये म्हणून केशरी घालावं लागतं, नियमच आहे. एका पिकअपच्या मागं अख्खं हरीण आडवं पडलेलं, जीभ बाहेर, आणि मालक आत कॉफी घेतोय. आमची मंडळी त्या दिवशी नीट जेवली नाही. मला मात्र एक गोष्ट कबूल करावी लागेल, तिथं शिकार म्हणजे चोरीमारी नाही, बापलेक मिळून जातात, मांस फ्रीजरमध्ये भरतात आणि वर्षभर खातात. ते लोक काही राक्षस नाहीत.

जावयाच्या ओळखीचा एक गोठेवाला होता, साठीचा गडी, त्यानं गोठा बघायला बोलावलं. मी मेंढरांच्या घरचा आणि आमच्याकडं लांडगा आहे हे ऐकल्यावर त्यानं खुर्चीच पुढं ओढली. पहिला प्रश्न, तुमच्याकडं लांडगा मारला तर काय होतं? म्हटलं, तीन ते सात वर्षं जेल. गडी हसला, म्हणाला आमच्याकडं ते कोर्टानं सकाळी काय निकाल दिला त्यावर आहे. मला तेव्हा तो जोक वाटला. नंतर जावयानं सगळं समजावून सांगितलं, मी पण घरी बसून होतो, वाचत गेलो, आणि कळलं की त्यात जोक काहीच नाही.

तिथं १८६५ पासून लांडगा मारला की सरकार बक्षीस द्यायचं, ते १९५७ ला बंद केलं, पण तोवर उशीर झाला होता, १९६० च्या आसपास राज्यात एक लांडगा उरला नव्हता. (आपल्याकडं इंग्रजांनी पण हेच केलं, लांडगा मारा आणि बक्षीस घेऊन जा.) मग शेजारच्या मिनेसोटात जे शिल्लक होते ते केंद्राच्या कायद्यानं वाचले, आणि १९७० च्या दशकात त्यातले काही स्वतःच्या पायांनी परत विस्कॉन्सिनमध्ये आले, कुणी आणून सोडले नाहीत. वाढत वाढत हजारावर गेले. इथपर्यंत गोष्ट चांगली आहे.

आता कायदा बघा. लांडगा केंद्राच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत असेल तर राज्याला हात लावता येत नाही. यादीतून बाहेर निघाला की राज्याच्या ताब्यात. २०१२ मध्ये निघाला. आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या विधानसभेनं कायदा केला, गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सही केली, की लांडगा यादीबाहेर असेल तेव्हा शिकारीचा सीझन घ्यावाच लागेल. घेता येईल असं नाही, घ्यावाच लागेल. म्हणजे त्यांचं जे वनखातं, डीएनआर म्हणतात, त्यांच्याकडचे लोक वर्षानुवर्षं बर्फात ठसे मोजत फिरलेत, त्यांना यंदा नको म्हणायची सोयच ठेवली नाही. वर शिकारी कुत्री लावून लांडगा मारायला परवानगी. तीन सीझन झाले, ११७, २५७, १५४ लांडगे गेले, आणि डिसेंबर २०१४ ला केंद्राच्या कोर्टानं लांडगा परत यादीत टाकला. बंद.

नंतर ट्रम्प सरकारनं जाता जाता पुन्हा यादीतून काढला, ४ जानेवारी २०२१ पासून लागू. डीएनआर म्हणालं आम्ही नोव्हेंबरला सीझन घेऊ, तोवर लोकांशी बोलू, तिथल्या आदिवासींशी बोलू, आकडा नीट ठरवू. तर कॅन्सस राज्यातली एक शिकाऱ्यांची संघटना विस्कॉन्सिनच्या कोर्टात गेली, कायद्यात 'घ्यावाच लागेल' आहे आणि सीझन फेब्रुवारीअखेरपर्यंत धरलाय म्हणून. कोर्ट म्हणालं बरोबर आहे, याच महिन्यात घ्या. फेब्रुवारी म्हणजे लांडग्यांचा जुगायचा टाइम, मादी गाभण राहायचे दिवस, आमच्याकडं कुठलाही मेंढका सांगेल त्या दिवसात कुठल्याच जनावराला छेडत नाहीत. असो.

कोटा ठरला २००. त्यातले ८१ ओजिब्वे आदिवासींचे, कारण १८३७ आणि १८४२ च्या करारांप्रमाणे उत्तरेकडच्या जंगलावर त्यांचा हक्क अजून चालतो. राहिले ११९ बाकी शिकाऱ्यांसाठी. लॉटरीला २७ हजारांवर अर्ज आले आणि परमिट दिली २,३८०. एका लांडग्यामागं वीस परमिट! मी कंडक्टर माणूस, ५० सीटच्या गाडीची हजार तिकिटं फाडल्यावर स्टँडवर काय होईल ते मला वेगळं सांगायला नको.

आणि आता खरी गंमत. मारलेला लांडगा कळवायला मुदत २४ तास. सीझन बंद करायचा तर कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यायची, ती २४ तासांची. म्हणजे आज सकाळी मारलेला लांडगा उद्या सकाळी आकड्यात येणार, आकडा बघून ऑफिस नोटीस काढणार, आणि ती लागू होणार परवा. २२ फेब्रुवारीला सीझन उघडला, ताजा बर्फ, ठसे लख्ख, कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे, मालक गाडीत बसून स्क्रीनवर बघतोय कुत्री कुठं पोचली. २४ ला दुपारपर्यंत सगळे झोन बंद केले तोवर २१८ मेले होते. ११९ च्या जागी २१८, पुरते तीन दिवस पण नाही. कुणी परमिटशिवाय मारलं, रात्रीत चोरून मारलं असलं काही कारण नाही लागलं त्याला. सगळं लायसन घेऊन, नियमात, सिस्टीममध्ये झालं. तो गोठेवाला म्हणाला ते मला फार लागलं, म्हणाला माझं वासरू खाणारा एक लांडगा गेला असता तर मला चाललं असतं, त्यातला कुठला तो होता कुणाला माहीत.

ओजिब्वे लोकांनी आपल्या ८१ मधला एकही मारला नाही. ते लांडग्याला माइंगन म्हणतात, त्यांच्या गोष्टीत पहिला माणूस आणि लांडगा हे भाऊ, दोघं मिळून पृथ्वीभर फिरले. त्यांनी आपला वाटा न मारण्यासाठी घेतला होता, आणि तो पण बाकीच्यांनी खाल्ला वर अजून १८. मला माझा आजा आठवला. वाड्यावर, म्हणजे रानातल्या मेंढरांच्या मुक्कामावर, मेंढ्या व्याल्या की आजा कोकरं मोजायचा आणि म्हणायचा एवढी आपली, एवढी लांडग्याची. नेलं तर रात्री काठी घेऊन ओरडत पळायचा हे खरं, शिव्या पण द्यायचा, पण सकाळी माग काढत कधी गेला नाही.

पुढं काय झालं तर त्याच वर्षी हिवाळ्यासाठी डीएनआरच्या वरच्या बोर्डानं ३०० चा कोटा मांडला, डीएनआरनं १३० वर आणला, पण ऑक्टोबरला कोर्टानं सीझनच अडवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टानं लांडगा परत केंद्राच्या यादीत टाकला. म्हणजे घड्याळाच्या लंबकासारखं, कधी सगळे मारा, कधी एकालाही हात लावू नका. यात गोठेवाल्याचं पण नुकसानच आहे हो, कारण यादीत असताना त्याचं वासरू रोज खाणारा लांडगा सुद्धा मारता येत नाही, ना त्याला ना सरकारी माणसाला. शेजारच्या मिनेसोटात यादीतला दर्जा एक पायरी खालचा आहे तर तिथं सरकारी माणूस तेवढा एक मारू शकतो. वायोमिंगचं तर बोलूच नका, राज्याच्या मोठ्या भागात कधीही कसाही मारा, लायसनच नको.

पण ग्रुपवाल्या मित्राला सांगतो, अमेरिकेचं घ्यायचंच असेल तर दुसरी गोष्ट घे. वासरू मेलं की गोठेवाला फोन करतो, सरकारी माणूस एकदोन दिवसात येतो, दात कुठं लागले, रक्त कुठं साकळलं हे कातडं सोलून बघतो, लांडगा निघाला की बाजारभावानं पैसे. अस्वलाच्या शिकारीला सोडलेलं कुत्रं लांडग्यानं मारलं तरी अडीच हजार डॉलरपर्यंत मिळतात, आपले दोन लाखांच्या वर! लांडग्याच्या घरात कुत्रं तुम्हीच सोडायचं आणि पैसे पण तुम्हीच घ्यायचे, हे मला पटलं नाही, पण पैसे मिळतात हे खरं.

आता आपल्याकडचं सांगतो. दोन वर्षांमागं पुतण्याचा वाडा दौंडच्या बाजूला एका शेतात बसलेला, पहाटे तीनच्या सुमाराला जाळीवरून लांडगा आत, दोन कोकरं गेली, एक मेंढी गळा फोडून तिथंच. त्यानं मोबाईलच्या बॅटरीत फोटो काढले, जाळीजवळ मऊ मातीत ठसा होता त्याच्याशेजारी काडेपेटी ठेवून काढला, एवढं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सकाळी ऑफिसात गेला, नाव लिहीत नाही. साहेब नाहीत. दुपारी साहेब आले तर म्हणाले पंचनामा करायला लागेल, मेंढी हलवू नका, डॉक्टरांचा दाखला आणा. आणि कोकरं? कोकरं दाखवा. अहो कोकरं लांडग्याच्या पोटात, ती कुठून दाखवायची? शेतमालकानं दोन रात्रींचं सांगून बसवलेलं, तिसऱ्या दिवशी वाडा हलवावाच लागला, चारशे मेंढरांना चारा कोण देणार. चौथ्या दिवशी फोन आला, आम्ही स्पॉटवर आलोय तुम्ही कुठं आहात. त्या मेंढीचे पैसे अजून यायचेत, पुतण्यानं विचारायचं पण सोडून दिलं. असे किती असतील जे ऑफिसची पायरीच चढत नाहीत. आणि असल्या वैतागलेल्या माणसाच्या हातात कुणी विषाची पुडी दिली तर काय होईल, ते बोलायला नको.

देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास म्हणतात, म्हणजे वाघांपेक्षा कमीच. इंदापूर, बारामती, दौंड, सोलापूरचं नान्नज, ही त्यांची माळरानं, आणि माळ म्हणजे सरकारी कागदावर पडीक, तिथं प्लॉटिंग पडतंय, कुणी खणतंय. भटक्या कुत्र्यांचा रोग लागतोय तो वेगळाच. माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर असेल तर आपल्या कायद्यात कलम ११ आहेच, मुख्य वन्यजीव रक्षक लेखी ऑर्डर काढू शकतात, त्या एका जनावरापुरती. २०२४ ला उत्तर प्रदेशात बहराइचला पोरं गेली तेव्हा तिथल्या सरकारनं ठराविक लांडगे पकडायची मोहीम लावली, जिल्ह्यातल्या बंदुकवाल्यांना परमिट वाटली नाहीत.

तेव्हा वनमंत्र्यांना तुमच्या पेपरातून एवढंच विचारा की फिरत्या वाड्याचा पंचनामा मोबाईलवरच्या फोटोवर आणि लोकेशनवर का होत नाही, शेजारच्या दोन माणसांच्या सह्या घ्या हवं तर. पुतण्याच्या फोनमध्ये तो काडेपेटीशेजारचा ठसा अजून आहे, तारीख वेळ सगळं त्याच्यावर येतं. साहेबांना पाहिजे असेल तर आज पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक, ता. इंदापूर