लढाई चालू असतानाही कोर्ट बोललं होतं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीमेवर जरा काही झालं की चॅनेलवर आणि व्हॉट्सॲपवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, आत्ता कोर्टाने मध्ये पडू नये, देश आधी. देश आधी हे मान्यच आहे हो, पण कोर्ट मध्ये पडलं की लढाईत खोडा बसतो हे कुणी ठरवलं? आपलाच इतिहास बघा की.

६ सप्टेंबर १९६५, आपलं सैन्य सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघालं तो दिवस. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टात निकाल लागला कशाचा, तर एका मराठी पुस्तकाचा! कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सखाली (खटल्याशिवाय आत ठेवू देणारे आणीबाणीतले नियम) मुंबईच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी सरकारचीच परवानगी घेऊन अणूवर पुस्तक लिहिलं, निव्वळ विज्ञानाचं, आणि हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवू द्या म्हणाले तर महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं. का, तर स्थानबद्धाने पुस्तक छापावं असं नियमांत कुठे लिहिलेलं नाही म्हणून. (लिहायला हो, बाहेर पाठवायला नाही, सरकारी डोकं!) सरकार हायकोर्टात हरलं, अपिलात गेलं, तिथेही हरलं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, हे नियम म्हणजे तुम्ही दिलेल्या सवलतींची यादी नाही, बंधनांची आहे, आणि जे बंधन त्यात नाही ते घालता येणार नाही.

लगेच दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, समाजवादी नेते राममनोहर लोहियांना सोडायचा निकाल. नियमात शब्द होता पब्लिक ऑर्डर, त्यांना आत टाकणाऱ्या पाटण्याच्या ऑर्डरमध्ये लिहिलं होतं लॉ अँड ऑर्डर. एवढ्यावरून? हो एवढ्यावरूनच, कारण माणूस आत टाकायचा तर निदान ज्या कायद्याने टाकताय तो तरी नीट वाचा. तेव्हा १९६२ च्या चीन लढाईपासूनची आणीबाणी होती, मूलभूत हक्कांसाठी कोर्टाचं दार बंद होतं, तरी तुमच्याच नियमात हे बसतं का एवढं विचारायची फट जजेसनी १९६३ च्या माखनसिंग निकालात उघडी ठेवली होती. त्या दोन निकालांनी एकही रणगाडा अडला नाही.

आणि ती फट बुजवली की काय होतं तेही आपण पाहिलंय. १९७६ चा जबलपूरचा निकाल, आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टात दादच मागता येणार नाही म्हणणारा, चार विरुद्ध एक, एकटे न्या. खन्ना विरोधात, आणि तो निकाल चूक होता हे सुप्रीम कोर्टाने स्वतः म्हणायला २०१७ उजाडलं. अमेरिकेत तर जपानी वंशाच्या लाखभर माणसांना घराबाहेर काढलं ते तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९४४ च्या कोरेमात्सु निकालात चालवून घेतलं आणि चूक कबूल केली २०१८ मध्ये. लढाई संपल्यावर सगळेच शूर.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे, लढाई संपली हे ठरवायचं कुणी? चीनशी लढाई २१ नोव्हेंबर १९६२ ला थांबली, महिनाभराची लढाई, आणि त्या वेळी लावलेली आणीबाणी उठली कधी तर जानेवारी १९६८ मध्ये! वर सांगितलेले संझगिरी आणि लोहिया दोघंही त्याच शिळ्या आणीबाणीत आत होते. आता ४४ व्या घटनादुरुस्तीने संसदेला दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी द्यावी लागते आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येत नाही, हे चांगलंच झालं. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं, सल्लागार मंडळाकडे (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का ते तपासणारं मंडळ) न जाता माणसाला तीन महिने आत ठेवता येतं ते दोन महिन्यांवर आणायचं. संसदेने ते १९७८ मध्येच पास केलंय. ते लागू करायची तारीख ठरवणं सरकारच्या हातात ठेवलं, आणि तेव्हापासून इतकी सरकारं आली गेली, पण ती तारीख काही निघालेली नाही.

आपला,
एक नियमित वाचक