क्वेकर म्हणजे ओट्सचा डबा नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील बर्मिंगहॅमच्या बोर्नव्हिलवरचा लेख वाचून मनस्ताप झाला. मी या वस्तीत अकरा वर्षे राहते आहे. ‘मालकाच्या लहरीखातर दारूबंदी पाळणारे चॉकलेटचे गाव’ एवढीच तिची ओळख वाचकांपर्यंत पोहोचावी, हे मला सहन होत नाही. त्यातच लेखासोबत ‘क्वेकर’ नावाच्या ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला छापला आहे. त्या कंपनीचा क्वेकर या ख्रिस्ती पंथाशी काहीही संबंध नाही.

इथे मनाई आहे ती दारूच्या विक्रीला. घरात कोणी काय प्यावे, हे कोणी विचारत नाही. २०१५ मध्ये एका दुकानाने परवाना मागितला, तेव्हा आक्षेप घेतले ते रहिवाशांनीच. ही वस्ती वसवणारे क्वेकर चॉकलेट कारखानदार जॉर्ज कॅडबरी १९२२ मध्येच वारले होते. मग ही मालकाची लहर कशी ठरते?

त्यांनी १९०० मध्ये ३३० एकर जमीन आणि ३१३ घरे स्वतःच्या मालकीतून काढून ट्रस्टच्या स्वाधीन केली, हे लेखात यायला हवे होते. म्हणूनच २०१० मध्ये चॉकलेट कंपनी अमेरिकी क्राफ्टकडे गेली, तरी वस्तीच्या बागा आणि मैदाने त्या व्यवहारात गेली नाहीत. घराने आपल्या भूखंडाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापू नये, असा दंडक सुरुवातीपासून होता. माझ्या परसातले सफरचंदाचे जुने झाड मला घराबरोबरच मिळाले.

लेखात ‘क्वेकर धर्मगुरूंची शिकवण’ असाही उल्लेख आहे. ब्रिटनमधल्या क्वेकरांच्या उपासनेत धर्मगुरू नसतो. माणसे शांत बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो. मी क्वेकर नाही, पण एका शेजारीणबाईंनी मला शहरातल्या त्यांच्या कामकाजाच्या सभेला नेले होते. जुने बाक दुरुस्त करायचे की ते पैसे निर्वासित कुटुंबांच्या साप्ताहिक जेवणाला द्यायचे, हा विषय होता. बहुतेकांचा कल जेवणाकडे होता. एका वयस्क बाईंनी मात्र उभे राहून आपल्याला हे पटत नसल्याचे सांगितले. आमच्या पुण्याच्या सोसायटीत अशा वेळी हात वर करायला सांगतात आणि दोन मिनिटांत विषय संपतो. इथे मतदान होतच नाही. चिटणीस काही वेळ गप्प राहिले आणि त्यांनी विषय पुढच्या महिन्यावर ठेवला. पुढच्या सभेत त्याच बाई म्हणाल्या, ‘शंका अजून आहे, पण मी आड येणार नाही.’ चिटणिसांनी तिथल्या तिथे ठराव लिहून मोठ्याने वाचला, बाईंनी सुचवलेला एक शब्द बदलला, पुन्हा वाचला आणि मगच तो वहीत गेला. एकटी पडलेली व्यक्ती ऐकून घेतली जाईपर्यंत थांबायचे, ही साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पंथाची रीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि आपल्या लेखात तिच्यासाठी एक ओळही नाही.

मागेही याच पुरवणीत वस्तीचे नाव ‘बोर्नविले’ असे छापले गेले होते. मी पाठवलेली दुरुस्ती प्रसिद्ध झाली नाही, तिची पोचही मिळाली नाही. या वेळी निदान ते छायाचित्र आणि धर्मगुरूंचा उल्लेख चुकीचा असल्याचे येत्या रविवारी त्याच पानावर छापावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
बोर्नव्हिल, बर्मिंगहॅम