चांदीचं भांडं आणि चांदीचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कोलायडल सिल्व्हर’ म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी. त्याच्या बाटल्या हल्ली ऑनलाइन सर्रास मिळतात. सर्दीपासून त्वचाविकारापर्यंत सगळ्यावर एकच रामबाण, असा त्यांचा दावा असतो. आपल्याकडे तो सहज पटतो, कारण उष्टावणाची वाटी चांदीची, बाळगुटीचा चमचा चांदीचा. मग चांदीचं पाणी प्यायलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. वाटीतली चांदी घन धातूच्या रूपात असते. ती दुधात किंवा खिरीत नगण्य विरघळते आणि पोटातल्या आम्लातही फारशी विरघळत नाही. काजूकतलीवरच्या वर्खाचंही तसंच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार वर्ख ९९.९ टक्के शुद्ध हवा आणि त्याचं वजन चौरस मीटरला जास्तीत जास्त २.८ ग्रॅम. म्हणजे तीन सेंटिमीटरच्या चौकोनी वडीवर फार तर अडीच मिलिग्रॅम चांदी, आणि तिचा बहुतेक भाग शौचावाटे निघून जातो. सणासुदीला खाल्लेल्या वर्खाची काळजी नको. चांदीचा मुलामा दिलेली वेलची किंवा मुखशुद्धीच्या गोळ्या मात्र रोज तोंडात टाकू नयेत. जपानमध्ये अशा गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची त्वचा राखाडी पडल्याच्या नोंदी आहेत.

बाटलीतल्या पाण्यात चांदी आयनांच्या (विद्युतभार असलेल्या अणूंच्या) किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असते. तिचा काही भाग आतड्यातून रक्तात जातो, प्रथिनांना चिकटतो आणि त्वचेत, विशेषतः घामाच्या ग्रंथींभोवती, साठतो. त्यावर ऊन पडलं की आयनांचे धातूचे कण बनतात आणि पुढे गंधक-सेलेनियमशी जोडले जाऊन तिथेच पक्के होतात. जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जे घडायचं, तेच हे. म्हणून चेहरा, मान, हात आधी निळसर-राखाडी होतात आणि कपड्याखालची त्वचा त्या मानाने उजळ राहते. याला आर्जिरिया म्हणतात.

मात्रेचा हिशेब घरीही करता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभर रोज पोटात जाणाऱ्या चांदीची मर्यादा किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम धरली आहे. ५० किलोच्या माणसाला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम. बाटलीवर १० पीपीएम (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम) लिहिलं असेल, तर पाच मिलिलिटरच्या चमच्यात ५० मायक्रोग्रॅम चांदी येते. ५०० पीपीएमच्या बाटलीतला तोच चमचा २,५०० मायक्रोग्रॅम देतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला ०.१ मिलिग्रॅम चांदी चालते. दोन लिटर पाण्यातून २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत. चांदीयुक्त कार्बनचा फिल्टर वापरणाऱ्यांनी त्यामुळे धास्ती घेऊ नये.

सगळ्यात घातक म्हणजे हे द्रावण घरीच बनवायचं यंत्र. चांदीच्या दोन तारा, बॅटरी आणि डिस्टिल्ड वॉटर एवढंच त्यात लागतं. पाण्यात चांदी उतरू लागली की त्याची वाहकता वाढते, विद्युतप्रवाह वाढतो आणि चांदी आणखी वेगाने उतरते. त्यामुळे पाच मिनिटं जास्त चालू राहिलं तरी मात्रा कुठच्या कुठे जाते. काही जण काम लवकर व्हावं म्हणून चिमूटभर मीठ टाकतात. त्याने सिल्व्हर क्लोराइडचा गढूळपणा येतो आणि मात्रेचा उरलासुरला अंदाजही जातो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर कणरूपातली चांदी मोजतच नाही. अमेरिकेतला पॉल कॅरासन असंच घरी केलेलं द्रावण वर्षानुवर्षं प्यायला, चेहऱ्यालाही चोळलं आणि कायमचा निळा झाला. मोंटानातले राजकारणी स्टॅन जोन्स यांचंही तेच झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित वा परिणामकारक मानायला नकार दिला आहे.

ओळखायचं कसं? बहुधा पहिली खूण हिरड्यांवर दिसते, राखाडी-तपकिरी रेघ. मग नखांच्या मुळाशी असलेली चंद्रकोर निळसर होते, कधी डोळ्यांचा पांढरा भागही. रंग बोटाने दाबून पुसट होत नाही आणि पल्स ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो. ऑक्सिजन कमी पडून आलेल्या निळेपणात आकडा घसरतो, तेव्हा थेट रुग्णालय गाठावं. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक आणि अमिओडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांवरचं औषध यांनीही असा रंग येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधं आणि ‘नुसतं टॉनिक आहे हो’ म्हणून बाजूला ठेवलेली बाटलीसुद्धा न्यावी. खात्री त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीतून होते. हे द्रावण थायरॉइडच्या गोळीचं आणि काही प्रतिजैविकांचं शोषणही कमी करतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

चढलेला रंग औषधाने उतरत नाही. ‘डिटॉक्स’ किंवा कीलेशनवर (शरीरातले धातू औषधाने बाहेर काढण्याच्या उपचारावर) पैसे घालवू नयेत. १,०६४ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड (अतिशय छोटे, जोरदार झोत सोडणाऱ्या) लेझरने रंग खूप फिका होऊ शकतो, पण तो उपचार दुखतो आणि भाग भाग करून घ्यावा लागतो. द्रावण तत्काळ थांबवणं आणि उन्हापासून जपणं हे पहिलं काम.

भाजल्यावरचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम छोट्या जखमेवर थोडे दिवस लावायला हरकत नाही. मोठ्या उघड्या भागावर महिनोन्‌महिने लावू नये. हुपरीसारख्या गावात चांदीकाम करणाऱ्यांच्या बोटांत बारीक कीस रुतला, तर तेवढ्याच जागी निळा ठिपका कायमचा राहू शकतो. कानस चालवताना बोटांवर रबरी टोप्या घालाव्यात आणि रुतलेला कण त्याच दिवशी काढून घ्यावा.

आपल्या दैनिकाला एक विनंती. कोलायडल सिल्व्हरसारख्या उत्पादनाची जाहिरात आली, तर पीपीएम आणि रोजची मात्रा छापील लेबलवर आहे का ते आधी मागून पाहावं. रोग बरा करण्याचा दावा असेल, तर १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाही जाहिरात विभागाने तपासावा.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ वाचक, कोल्हापूर